जपानचं घड्याळ मुलुंडच्या गॅलरीत

प्रश्न : मी ३१ वर्षं लोकलचा गार्ड होतो. आता निवृत्त आहे. मुलगा जपानात नागोयाला नोकरीला असतो. त्यानं मला उजेडावर चालणारं आणि रेडिओवरून आपोआप वेळ लावून घेणारं घड्याळ पाठवलं. तिकडे त्यानं ते एक रात्र खिडकीत ठेवलं होतं, सकाळी सेकंदाला सेकंद बरोबर! इथे मी सतरा दिवस रोज रात्री ते गॅलरीच्या कठड्यावर ठेवतो, बटण दाबतो. दहा-बारा मिनिटं काहीतरी चाललेलं दिसतं आणि मग ‘ईआरआर’ येतं. शिवाय वेळ साडेतीन तास पुढे आहे. आमची इमारत रुळांना लागून आहे, ओव्हरहेड वायरमध्ये २५ हजार व्होल्ट. त्यानं असं होत असेल का? एका दुकानात दाखवलं, तर रेडिओचा भाग गेलाय, मशीन बदलावं लागेल, ४,२०० रुपये, असं सांगितलं. उघडायला देऊ का?
– एक वाचक, मुलुंड (पूर्व)

उत्तर : देऊ नका. पत्र वाचल्यावर पहिल्यांदा हेच लिहावंसं वाटलं. तुमच्या घड्याळाला काहीही झालेलं नाही. सतरा रात्री ते इमानेइतबारे कानोसा घेत होतं, पण त्याला ऐकू येईल असं इथे कुणी बोलतच नाही.

ही घड्याळं आकाशवाणी ऐकत नाहीत आणि उपग्रहही पाहत नाहीत. काही देशांनी फक्त वेळ सांगण्यासाठी फार लांब लहरींची केंद्रं उभारली आहेत, तेवढीच त्यांना कळतात. जपानात अशी दोन आहेत. एक फुकुशिमा प्रांतात ओताकादोया डोंगरावर, ४० किलोहर्ट्झचं. दुसरं दक्षिणेला क्यूशू बेटावर हागाने डोंगरावर, ६० किलोहर्ट्झचं. अमेरिकेत कोलोरॅडोमधल्या फोर्ट कॉलिन्सला एक, इंग्लंडमध्ये अँथॉर्नला एक, जर्मनीत फ्रँकफर्टजवळ माइनफ्लिंगेनला एक आणि चीनमध्ये हेनान प्रांतातल्या शांगचियूला एक. तुमच्या घड्याळावर ‘मल्टिबँड ६’ लिहिलं असेल, तर ते सहा म्हणजे हेच. त्यांत भारतातलं एकही नाही, कारण आपल्याकडे असं केंद्रच नाही.

त्यातल्या त्यात जवळचं म्हणजे चीनचं. त्याचा पल्ला चांगल्या हवेत दीड हजार किलोमीटरच्या आसपास, असं घड्याळांच्या पुस्तिका सांगतात. मुंबईपासून ते सुमारे साडेचार हजार किलोमीटरवर आहे. जर्मनीचं साडेसहा हजारांवर. आणि तुमचा मुलगा राहतो ते नागोया ओताकादोयापासून जेमतेम सव्वाचारशे किलोमीटर. तिथे एका रात्रीत वेळ लागली आणि इथे सतरा रात्रींत लागली नाही, याचं सगळं कारण या आकड्यांत आहे.

आता हे केंद्र बोलतं कसं, ते तुम्हाला नक्की आवडेल, कारण तुम्ही आयुष्यभर तेच केलंत. तुम्ही दोन बेल दिल्या की मोटरमनला कळायचं, गाडी सोडायची. शब्द एकही नाही. जपानचं केंद्रही असंच दर सेकंदाला एक खूण पाठवतं. लहर ०.८ सेकंद जोरात राहिली तर शून्य, ०.५ सेकंद राहिली तर एक, आणि ०.२ सेकंद राहिली तर ती नुसती मैलाच्या दगडासारखी खूण. अशा ६० खुणांचा एक मिनिट. त्यात मिनिट, तास, वर्षातला कितवा दिवस, कोणतं वर्ष, कोणता वार हे सगळं येतं. एका सेकंदाची खूण चुकली तर सगळा मिनिट संशयास्पद होतो, म्हणून घड्याळ लागोपाठ दोन-तीन मिनिटं तोच निरोप नीट जुळतोय का ते पाहतं आणि मगच वेळ बदलतं. तुम्हाला दिसलेली दहा-बारा मिनिटं या प्रयत्नात गेलेली. ‘ईआरआर’ म्हणजे ‘निरोप मिळाला नाही’. ‘मी बिघडलो’ असा त्याचा अर्थ नाही. वेळ आधी लागलेली असते ती तशीच राहते.

तुमच्या तारांबद्दल. शंका रास्त आहे. उच्च दाबाच्या तारा, लोखंडी सळ्यांच्या इमारती, एसी, फ्रिज, कॉम्प्युटर हे सगळं या लहरींना त्रास देतं. तुमची इमारत उचलून नागोयाला नेली, तर तिथेही कदाचित रेल्वेकडची गॅलरी सोडून दुसरी खिडकी शोधावी लागली असती. पण इथे त्या तारांना बिघडवायला काही पोचतच नाही. विजेच्या या त्रासाची मुंबईला जुनी ओळख आहे. कुलाब्याची वेधशाळा १८२६ सालची. पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापं तिथे पिढ्यान्‌पिढ्या होत होती. शहरात विजेवरच्या ट्राम येणार हे ठरलं, तेव्हा त्यांच्या प्रवाहानं मोजमापं बिघडतील म्हणून ते काम १९०४ पासून अलिबागला नेलं. समुद्रापलीकडे! आजही ते तिथेच चालतं. तुम्ही गॅलरीत उभं राहून तारांकडे बघत जी शंका घेतलीत, ती त्या लोकांनी सव्वाशे वर्षांपूर्वी घेतली होती.

मग करायचं काय?

साडेतीन तासांचा फरक आधी काढू. घड्याळ अजून टोकियोत आहे. जपानची वेळ ग्रिनिचच्या ९ तास पुढे, आपली साडेपाच. वजाबाकी साडेतीन. तास-मिनिटं हातानं मागे घेऊ नका, शहर बदला. आकड्यांच्या घड्याळात बहुधा वर डावीकडचं बटण काही सेकंद दाबून धरलं की शहराची तीन अक्षरं लुकलुकतात. टीवायओ असेल, ते पुढे सरकवत डीईएलवर आणा. डीईएल म्हणजे दिल्ली, मुंबईचं नाव त्या यादीत बहुधा नसतं आणि त्यानं काही बिघडत नाही. शहर बदललं की तास-मिनिटं आपोआप बदलतात आणि सेकंद जसेच्या तसे राहतात. म्हणजे नागोयाला लागलेली अचूक वेळ अजून तुमच्या हातात शिल्लक आहे! त्यानंतरच्या दिवसांत आतल्या क्वार्ट्झनं, म्हणजे घड्याळ एरवी ज्यावर चालतं त्या स्फटिकानं, जेवढी चूक केली असेल तेवढीच. ती महिन्याला जास्तीत जास्त १५ सेकंद इकडे किंवा तिकडे, असं बहुतेक पुस्तिकांत लिहिलेलं असतं. ‘डीएसटी’ म्हणून एक पर्याय पुढे येईल, तो बंद ठेवा. ती उन्हाळी वेळ, आपल्याकडे नाही.

डीईएल लावल्यावर हे घड्याळ रात्री केंद्र शोधायचा प्रयत्नही करत नाही, कारण या शहराला केंद्र नाही हे त्याला माहीत असतं. त्यामुळे ‘ईआरआर’चा त्रासही संपेल. गॅलरीत ठेवायची गरज नाही.

सेकंद जुळवायचे ते असे. त्याच सेटिंगमध्ये सेकंदाचे आकडे लुकलुकायला लागले की खऱ्या वेळेच्या बरोबर शून्य सेकंदाला बटण दाबायचं. एक बारकावा पुस्तिकेच्या कोपऱ्यात असतो आणि त्यावरून लोक माझ्याकडे तक्रार घेऊन येतात. घड्याळ त्या वेळी ३० ते ५९ सेकंदांत असेल, तर शून्य होताना मिनिट एकनं वाढतो. ०० ते २९ मध्ये असेल, तर वाढत नाही. हे लक्षात ठेवलं की एक मिनिट पुढे गेल्याचा घोळ होत नाही. महिन्याच्या पहिल्या तारखेला एकदा केलंत, तरी घड्याळ कधी पाव मिनिटापलीकडे जाणार नाही.

तुमच्यासारख्या माणसाला मात्र पाव मिनिटही खुपेल, याची मला कल्पना आहे. गाडी पाव मिनिट उशिरा सुटली तर तुम्ही नोंद केली असेल. म्हणून दुसरा उपाय लिहितो. मी स्वतः दुकानात करून पाहिला आहे आणि तो खरंच चालतो. फोनवर जपानच्या या केंद्राची नक्कल करणारी ॲप मिळतात. फोन ४० किलोहर्ट्झचा आवाज काढू शकत नाही, पण १३.३३३ किलोहर्ट्झचा काढू शकतो, आणि त्याची तिसरी पट बरोबर ४०. घड्याळ तो आवाज ऐकत नाही. स्पीकरच्या तारेच्या वेटोळ्याभोवती जे चुंबकीय क्षेत्र तयार होतं, त्यात ही तिप्पट वारंवारता थोडी असते, आणि घड्याळातल्या ॲन्टेनाला तेवढी पुरते. शहर पुन्हा टीवायओ करा, ॲप सुरू करा, फोनचा आवाज पूर्ण वाढवा, घड्याळ स्पीकरला अगदी चिकटवून ठेवा. पल्ला काही सेंटिमीटरच. स्पीकरवर जमलं नाही तर तारेचा इयरफोन लावून त्याची वायर घड्याळाभोवती दोन-तीनदा गुंडाळा, माझ्याकडे त्यानंच जास्त भरवशानं होतं. मग बटण दाबून घ्या आणि हात लावू नका. चार ते सात मिनिटांत वेळ मिळाल्याची खूण येते. त्यानंतर शहर परत डीईएल. तुम्हाला-मला तो आवाज जवळजवळ ऐकू येणार नाही, पण लहान मुलांना येतो. माझ्या नातीनं कानांवर हात घट्ट धरले आणि ‘आजोबा, बंद करा’ म्हणाली. घरात नातवंडं असतील तर ती शाळेत गेल्यावर करा.

काही ॲपमध्ये साडेतीन तास वजा करून पाठवायची सोय असते. मग घड्याळ कायम टोकियोवर ठेवूनही भारतीय वेळ दिसते आणि शहर बदलत बसावं लागत नाही. मला ते पसंत नाही. घड्याळात दुसऱ्या शहराची वेळ दाखवणारा जो भाग असतो, तो सगळा त्यानं चुकतो. त्यापेक्षा घरचं शहर डीईएल ठेवा आणि दुसरं शहर टीवायओ. एक बटण दाबलं की मुलाकडे किती वाजलेत ते दिसेल. तुमचे संध्याकाळचे साडेसात म्हणजे त्याचे रात्रीचे अकरा, फोन करायला उशीर झालेला.

४,२०० रुपये जपून ठेवा. ज्यानं तो आकडा सांगितला त्यानं कदाचित असं घड्याळ कधी हाताळलं नसेल, त्याच्याबद्दल मनात राग धरू नका. पण मागचं झाकण उघडू देऊ नका. झाकणाखालची रबरी रिंग एकदा हलली, नीट बसली नाही, की पाणी अडवायची हमी गेली, आणि आपल्या शहरात जूनपासून सप्टेंबरपर्यंत मनगट कोरडं असतं कधी?

प्रश्न : माझं घड्याळही उजेडावर चालणारं आहे, काट्यांचं. महिनाभर सेकंदकाटा एकदम दोन-दोन सेकंद उडी मारतो. मी एका कंपनीच्या सर्व्हर रूममध्ये रात्रपाळी करतो, दिवसा झोपतो. पावसाळ्यात सूर्यच दिसत नाही. आता साधा सेल टाकून घ्यावा का? गल्लीतला माणूस १५० रुपयांत टाकून देतो म्हणतो.
– एक वाचक, लालबाग

उत्तर : साधा सेल कधीही नाही. यावर मी जरा सविस्तर लिहितो, कारण ही चूक मी स्वतः केलेली आहे. वीसेक वर्षांपूर्वी असं एक घड्याळ माझ्याकडे आलं. आत सेल दिसला, मापाचा सेल डब्यात होता, बसवला, चाललं. पाच महिन्यांनी गिऱ्हाईक परत आलं. सेल फुगून गळला होता, खालची पट्टी हिरवी पडलेली. उजेडावरच्या घड्याळात आत पुन्हा पुन्हा भरणारा सेल असतो. तबकडीखालचा सौर पत्रा दिवसभर त्यात वीज भरत राहतो. साध्या सेलला अशी वीज भरून घेता येत नाही, तो तापतो, फुगतो, गळतो. त्या गिऱ्हाइकाला मी मशीन माझ्या खर्चानं बदलून दिलं आणि तेव्हापासून अशा घड्याळाला हात लावण्याआधी झाकणावरचा नंबर वाचतो. सेल बदलायची खरंच वेळ आली, तर त्याच नंबरचा, भरता येणारा, कंपनीचाच घ्यायचा. पण तुमच्यावर ती वेळ आलेली नाही.

दोन-दोन सेकंदांची उडी ही तक्रार नाही, निरोप आहे : भूक लागली. वेळ अजून बरोबर असते, घड्याळ फक्त वीज वाचवतंय. अशा अवस्थेत रेडिओ बंद, गजर बंद, पण मिनिटकाटा चालू. त्याला उजेड द्या, एवढंच.

किती उजेड? माझ्या स्वतःच्या घड्याळाच्या पुस्तिकेतले आकडे देतो, तुमच्यात थोडा फरक असेल. एका दिवसाच्या वापराची वीज मिळवायला बाहेरच्या स्वच्छ उन्हात, म्हणजे ५०,००० लक्सला (लक्स हे उजेडाचं माप), सुमारे ५ मिनिटं लागतात. उन्हाच्या खिडकीत, १०,००० लक्सला, २४ मिनिटं. ढगाळ दिवशी खिडकीत, ५,००० लक्सला, ४८ मिनिटं. आणि ट्यूबलाइटखाली, ५०० लक्सला, ८ तास. हे आकडे नीट बघितले की तुमचा प्रश्न सुटतो. जुलैतल्या भर ढगातही खिडकी ही ट्यूबलाइटच्या दसपट. सूर्य दिसायची गरज नाही. तुम्ही झोपता तेव्हा घड्याळ उशाशी ठेवत असाल, पडदे लावलेले असतील, आणि पाळीवर घड्याळावर शर्टाची बाही. चोवीस तासांत त्याला उजेड दिसतच नाही. यापुढे झोपायला जाताना ते खिडकीच्या कट्ट्यावर, तबकडी वर करून ठेवा, पाऊस आत येत नसेल अशा जागी. पहिल्या वेळी पूर्ण भरायला बरेच दिवस लागतील, मधेच उडी थांबली म्हणून सोडून देऊ नका. आठवडाभर तरी रोज ठेवा.

लवकर भरावं म्हणून पिवळ्या बल्बखाली, हॅलोजनखाली किंवा एप्रिलमध्ये गाडीच्या डॅशबोर्डवर मात्र ठेवू नका. ६० अंशांच्या वर सेल आणि तबकडी दोन्हींना इजा होते. घड्याळाला उजेड हवा असतो, ऊब नको असते. जास्त वीज भरली जाईल ही भीती नको, भरल्यावर ते आपोआप थांबतं.

प्रश्न : माझं घड्याळ जर्मनीहून आलेलं, रेडिओचंच, काट्यांचं. सेकंदकाटा बरोबर असतो पण मिनिटकाटा कायम दोन मिनिटं मागे. वेळ लावली तरी तेच.
– एक भगिनी, विलेपार्ले

उत्तर : ताई, तुमच्या पर्सला चुंबकाचं बटण आहे का, ते आधी बघा. फोनच्या फ्लिप कव्हरलाही असतं. घड्याळाला स्वतःचे काटे दिसत नाहीत. आतली सूक्ष्म मोटर किती पावलं चालली हे ते मोजतं आणि काटा कुठे असेल ते धरून चालतं. चुंबकाजवळ मोटर काही पावलं चुकली की आतलं गणित बरोबर आणि बाहेरचा काटा चूक, मग वेळ कितीदा लावा. यावर उपाय म्हणजे काटे बाराच्या मूळ जागी आणणं. पुस्तिकेत ‘रेफरन्स पोझिशन’ किंवा ‘होम पोझिशन’ या नावाखाली कोणतं बटण किती वेळ दाबायचं ते असतं. काटे बारावर धावत येतील, मिनिटकाटा दोन खुणा मागे थांबेल. त्याला बटणानं नेमका बारावर आणा, बाहेर पडा, संपलं. पुस्तिका नसेल तर मागच्या झाकणावरचा मशीनचा नंबर वाचा, त्यावरून कंपनीच्या संकेतस्थळावर मिळते. आणि घड्याळ पर्समध्ये टाकू नका.

प्रश्न : खरी वेळ म्हणजे कुणाची? आमच्या टीव्हीची, फोनची आणि रेडिओ ॲपची, तिन्ही वेगळ्या.
– नववीतला विद्यार्थी, दादर

उत्तर : बाळा, भारताची वेळ दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा राखते, सीझियम या धातूच्या अणूंवर चालणाऱ्या अणुघड्याळांवर. सेकंदाची व्याख्याच १९६७ पासून सीझियमवर आहे : त्याच्या एका ठरावीक प्रारणाची ९,१९,२६,३१,७७० कंपनं. त्यांच्या संकेतस्थळावर घड्याळ असतं, जुळवायचं तर त्याच्याशी जुळव. फोन नेटवर्कवरून वेळ घेतो, तो बहुधा सेकंदाच्या आत असतो. डिशवरचा टीव्ही आणि रेडिओचं ॲप यांच्यावर वेळ जुळवू नकोस. तिथे आवाज आणि चित्र आधी डब्यांत भरून मग तुझ्यापर्यंत येतं, त्यात काही सेकंद जातात. साध्या रेडिओ संचावर ते जात नाहीत.

माझे वडील गिरगावातलं दुकान उघडायच्या आधी ट्रामनं फोर्टला जायचे आणि राजाबाई टॉवरवरून खिशातलं घड्याळ लावून आणायचे. त्यांच्या तरुणपणी या शहरात दोन वेळा चालत. भारतीय प्रमाणवेळ १९०६ पासून लागू झालेली, पण मुंबईनं आपली स्वतःची वेळ सोडली नाही. ती प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे, आणि १९५५ पर्यंत टिकली. ही ३९ मिनिटं हवेतून आलेली नव्हती. प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशाची आणि मुंबई ७३ च्या जरा अलीकडे, तेवढं अंतर पार करायला सूर्याला ३९ मिनिटं लागतात. तू स्वतः बघू शकतोस. गच्चीत एक काठी सरळ उभी कर आणि सावली बरोबर उत्तरेला किंवा दक्षिणेला कधी पडते ते घड्याळात पाह. नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२ वाजून २२ मिनिटांच्या आसपास येईल आणि फेब्रुवारीच्या मध्याला १२ वाजून ५३. बाराला कधीच येणार नाही. वर्षभर दर महिन्याला एकदा नोंद कर आणि वही मला दाखवायला आण, ठाकूरद्वारच्या नाक्यावर मी संध्याकाळी सातपर्यंत असतो.